ताप उतरला, पण माणूस उठला नाही : शरीरातला दाह आणि मनाचे आजार

गोदाकाठची

मागच्या ऑगस्टमध्ये माझ्या धाकट्या भावाला चिकनगुनिया झाला. पिंपळगाव बसवंतजवळ त्याची तीन एकर द्राक्षबाग आहे, वय ३८. ताप पाच दिवसांत उतरला. सांधे मात्र दीड महिना धरलेलेच होते. गावात घरटी कुणी ना कुणी तसंच लंगडत होतं, म्हणून कुणी फार मनावर घेतलं नाही. सप्टेंबरअखेर बोटं मोकळी झाली, चालता यायला लागलं, आणि तरी हा उठेना. गोडी छाटणी (फळ धरायची छाटणी) तोंडावर आलेली, मजुरांची टोळी ठरलेली, आणि हा भिंतीकडे तोंड करून पडलेला. वहिनीने पहिला फोन केला तेव्हा एवढंच म्हणाली, "ताई, हे बागेत जात नाहीत." बागायतदाराच्या घरात या वाक्याचा अर्थ काय, ते नाशिककरांना सांगायला नको.

आई म्हणाली, नजर लागली. काका म्हणाले, कर्जाचं टेन्शन, दुसरं काय असणार. आणि मी इंदिरानगरात बसून फोनवर त्याला "मन घट्ट कर" म्हणाले. त्यावर तो म्हणाला, "ताई, घट्ट करायला मन कुठंय? अंगातच काही उरलेलं नाही." हे वाक्य मला अजून टोचतं, कारण तो खरं सांगत होता आणि मी ऐकलं नाही.

नोव्हेंबरात त्याला नाशिकला मानसोपचारतज्ज्ञांकडे आणलं. मला वाटलं होतं, कर्ज, घर, भांडणं असं विचारतील. त्यांनी आधी तापाचं विचारलं. कधी आला, सांधे किती दिवस दुखले, कुठल्या गोळ्या घेतल्या. मग थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, साखर आणि सीआरपी (शरीरात दाह आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी) तपासायला सांगितलं. सीआरपी ८ आलं. मी घाबरून विचारलं, म्हणजे डिप्रेशन रक्तात दिसतं का? ते म्हणाले, "नाही. शरीरात कुठेतरी अजून धुगधुगी आहे, एवढंच यातून कळतं. पण तुमचा भाऊ आळशी झालेला नाही, हे घरी सांगायला तुम्हाला याचा उपयोग होईल."

झाला. काकांनी रिपोर्ट हातात घेऊन दोनदा वाचला आणि त्या दिवसापासून टोमणे बंद झाले. एका आकड्याने जे केलं ते माझ्या भावाच्या शब्दांनी व्हायला हवं होतं, याचं वाईट वाटतं. पण झालं ते झालं.

तेव्हापासून मी वाचते आहे. मी वाणिज्य शाखेची, चुकलं तर सांगा. ताप आला की आपण नुसते गरम होत नाही. भूक जाते, माणसं नकोशी होतात, झोप येते, कशात रस वाटत नाही. हे जंतूमुळे होतं असं मला वाटायचं. ते खरं तर आपल्याच रोगप्रतिकारक पेशी घडवून आणतात. त्या सायटोकाइन नावाची प्रथिनं सोडतात आणि त्यांचा निरोप मेंदूपर्यंत जातो : पडून राहा, ताकद वाचव. १९८८ मध्ये बेंजामिन हार्ट या पशुवैद्यकाच्या अभ्यासकाने मांडलं की आजारी जनावराचं असं मलूल होणं हा शरीराचा बरं होण्याचाच एक डाव आहे. आपण गोठ्यात हे पाहतोच. आजारी गाय कळपापासून बाजूला जाऊन बसते, तिला कुणी आळशी म्हणत नाही.

मला सगळ्यात हलवून टाकलं ते इंटरफेरॉनने. हे रोगप्रतिकारक यंत्रणेचंच एक प्रथिन, पूर्वी हेपटायटिस सी आणि काही कर्करोगांत इंजेक्शनने देत. धडधाकट मनाची माणसं ते घेता घेता काही आठवड्यांत खोल नैराश्यात जायची. २००१ साली मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) ४० रुग्णांवर अमेरिकेत एक चाचणी झाली. निम्म्यांना इंटरफेरॉनच्या दोन आठवडे आधीपासून पॅरॉक्सेटिन ही नैराश्याची गोळी दिली, निम्म्यांना औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी. दिखाऊ गोळीवाल्यांपैकी ४५ टक्के लोकांना तीव्र नैराश्य आलं, पॅरॉक्सेटिनवाल्यांपैकी ११ टक्के. म्हणजे बाहेरून दिलेल्या एका प्रथिनाने मन बुडतं, आणि मनाची गोळी त्याला बऱ्याच अंशी अडवते. शरीर वेगळं, मन वेगळं हे माझ्या डोक्यातलं कपाट तिथे मोडलं.

भाऊ आता गोळ्यांवर आहे, चार महिने झाले. बरा आहे, पूर्ण नाही. माझा प्रश्न असा : हा दाह नक्की कुठे आणि कसा काम करतो? आणि यातून उपचार निघतात का, की नुसतंच समजतं?

जुना_पंचवटीकर

ताई, फार नेमकं लिहिलंत. मी तीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, आता निवृत्त. "कुठे आणि कसा" यावर थोडं लिहितो.

आमच्या विद्यार्थिदशेत शिकवायचे की मेंदू हा रोगप्रतिकारक यंत्रणेपासून तटबंदीने वेगळा आहे. ती तटबंदी आहेच, पण तिला दिंडी दरवाजे आहेत. मेंदूच्या आवरणांत लसिकावाहिन्या (रोगप्रतिकारक पेशींची ये-जा होते त्या नळ्या) आहेत, हे उंदरांत २०१५ मध्ये दाखवलं गेलं. शरीररचनेच्या पुस्तकात इतकी वर्षं नसलेली गोष्ट! पोटातल्या दाहाची खबर व्हेगस नावाच्या मज्जातंतूवरूनही थेट वर जाते.

आणि तटाच्या आत स्वतःचा पहारा आहे, तो मायक्रोग्लिया पेशींचा. स्पेनच्या पीओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्या वेगळ्या ओळखल्या. मेंदूतल्या पेशींत त्या साधारण दहा टक्क्यांच्या आसपास भरतात. गंमत अशी की त्या मेंदूच्या मूळच्या नव्हेत. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत पीतक पिशवीतून (गर्भाला जोडलेल्या एका पिशवीतून) निघून त्या मेंदूत वस्तीला येतात आणि आयुष्यभर तिथेच राहतात. त्यांच्या बारीक फांद्या सतत हलत, चाचपत असतात. जंतू आला, पेशी मेली, तर धावून जातात. पण शांततेच्या काळातही त्यांना काम असतं. वाढत्या वयात चेतापेशींमधले नको असलेले जोड त्या खाऊन टाकतात. तुमच्या घरची उपमा घ्यायची तर विरळणी. घडातले मणी विरळ केले नाहीत तर फुगवण होत नाही, आणि जास्त केले तर घडच जातो.

ही उपमा मी उगाच घेतली नाही. स्किझोफ्रेनियाचा धोका वाढवणाऱ्या जनुकीय जागांमध्ये सगळ्यात ठळक जागा सहाव्या गुणसूत्रावर, रोगप्रतिकारक जनुकांच्या वस्तीत आहे. २०१६ मध्ये सुमारे ६५ हजार लोकांच्या जनुकीय माहितीवरून दिसलं की त्यातला एक मोठा वाटा सी-४ या जनुकाच्या प्रकारांचा आहे. सी-४ चं नेहमीचं काम जंतूंवर "हे खा" अशी खूण करायचं. मेंदूत तीच यंत्रणा चेताजोडांवर खूण करते आणि मायक्रोग्लिया ते खातात. स्किझोफ्रेनिया बहुधा सतरा ते पंचवीसच्या दरम्यान का उघडा पडतो, याचा एक धागा इथे असू शकतो, कारण ती छाटणी त्याच वयात जोरात असते. एकट्या सी-४ मुळे कुणाला हा आजार होत नाही. धोका किंचित वाढतो, इतकंच.

नैराश्यात दुसरी वाट आहे. अन्नातल्या ट्रिप्टोफॅन या घटकापासून सेरोटोनिन हे मेंदूतलं निरोप्या रसायन बनतं हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण त्या ट्रिप्टोफॅनचा फार मोठा भाग एरवीही कायन्युरेनिन नावाच्या दुसऱ्या पाटाने जातो. दाह वाढला की त्या पाटाची मोरी आणखी उघडते. त्याच्या शेवटी क्विनोलिनिक आम्ल तयार होतं आणि ते चेतापेशींना जादा चेतवतं. सेरोटोनिन कमी पडलं म्हणून नैराश्य, इतकं सरळ गणित नाही. पाणी दुसऱ्या वाफ्यात जाऊन तिथे काय करतं, हे जास्त महत्त्वाचं असावं असं मला वाटतं.

एक भाषेचं. आपण "दाह" म्हणतो आणि लोक "उष्णता" ऐकतात. मग सब्जा, गुलकंद, थंड पाण्याने आंघोळ. हा दाह तळपायाची आग नव्हे. पेशींची चकमक म्हणा हवं तर.

बागाईतदार_निफाड

सर, वाचून डोकं भणभणलं, पण समजलं. माझी भीती वेगळी आहे. आमच्याकडे एक माणूस येऊन "शरीरातली सूज काढतो, टेन्शन जातं" म्हणून हळदीच्या कॅप्सूल विकून गेला. डबा अडीच हजार. आमच्या वाडीतल्या एकाने त्या कॅप्सूल सुरू केल्या आणि डॉक्टरच्या गोळ्या बंद केल्या. तीन आठवड्यांत त्याला पुन्हा ॲडमिट करावं लागलं. असे धागे वाचून लोक तसंच करणार नाहीत ना?

निशिगंधा_मानसोपचार

मी मानसोपचारात काम करते. वरची भीती खरी आहे, म्हणून आधी तिचंच उत्तर. चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका. ना हळदीसाठी, ना एखाद्या शोधनिबंधासाठी.

आता गोदाकाठची ताईंचा "उपचार निघतात का" हा प्रश्न. तुमच्या भावाविषयी मी इथून काही सांगणार नाही, त्यांचे डॉक्टर त्यांना ओळखतात. एकूण चित्र सांगते.

नैराश्याच्या रुग्णांत साधारण चौथ्या हिश्शाचं सीआरपी ३ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर असतं. म्हणजे चारातल्या तिघांचं नसतं! दाह हे नैराश्याचं एकमेव कारण असतं तर असं झालं नसतं. शिवाय सीआरपी लठ्ठपणाने वाढतं, सिगारेटने वाढतं, हिरड्यांच्या आजाराने वाढतं. १० च्या वर गेलं तर आधी कुठे संसर्ग आहे का ते शोधतात. म्हणून नैराश्याची तपासणी म्हणून कुणी सीआरपी करून घेऊ नका.

मग उलटंही असेल ना, नैराश्यानेच दाह वाढत असेल? असतंच. झोप जाते, हालचाल थांबते, जेवण बिघडतं, दाह वाढतो. पण एक अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल भागात जन्मापासून मुलांचा मागोवा घेतला जातो. तिथे नवव्या वर्षी ज्यांच्या रक्तात इंटरल्यूकिन-६ (एक सायटोकाइन) सर्वांत वरच्या तिसऱ्या हिश्शात होतं, त्यांना अठराव्या वर्षी नैराश्य येण्याची शक्यता सर्वांत खालच्या हिश्श्यापेक्षा साधारण दीडपट निघाली. हे २०१४ मध्ये छापून आलं. इथे दाह आधी आणि नैराश्य नंतर. तरी हा संबंध झाला, पुरावा नव्हे.

औषधांचं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटाच्या संशोधकांच्या गटाने गोळ्यांना दाद न देणाऱ्या ६० रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅब वापरून पाहिलं. हे संधिवातात देतात, एक प्रमुख सायटोकाइन अडवतं. एकूणात फायदा शून्य. पण सीआरपी ५ च्या वर असलेल्यांत सुधारणेकडे कल दिसला आणि कमी असलेल्यांत दिखाऊ औषधच सरस ठरलं. म्हणजे ज्याला दाह नाही त्याचा दाह कमी करायला गेलात तर बिघडू शकतं. मायनोसायक्लिन या प्रतिजैविकावरही मोठी आशा होती, कारण ते मायक्रोग्लियाला शांत करतं. ब्रिटनमध्ये दोनशेहून अधिक तरुण रुग्णांना सुरुवातीच्या सायकोसिसमध्ये (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटतं त्या आजारात) वर्षभर देऊन पाहिलं. २०१८ चा निकाल : उपयोग नाही. माझी त्या निकालाने निराशा झाली होती, पण तो छापला गेला म्हणूनच आज आपण कुणाच्या भावाला उगाच प्रतिजैविक देत नाही.

ताई, एक विचारायचं राहिलं. सांधे दुखत होते तेव्हा त्यांना स्टेरॉइड दिलं होतं का?

गोदाकाठची

मॅडम, दिलं असणार. गावात एका ठिकाणी कागदाच्या पुडीत गोळ्या मिळायच्या, नाव नाही, चिठ्ठी नाही. दोन दिवसांत बोटं मिटायला लागली म्हणून सगळ्यांनी घेतल्या. यानेही तीनेक आठवडे घेतल्या, मग एकदम बंद. इथल्या डॉक्टरांनीही हाच प्रश्न विचारला होता, मला तेव्हा त्याचं कारण कळलं नाही.

निशिगंधा_मानसोपचार

कारण स्टेरॉइड दाह कमी करतं आणि तरी मन बिघडवू शकतं. १९७२ च्या एका जुन्या पाहणीत प्रेडनिसोनचा दिवसाचा डोस ४० मिलिग्रॅमपर्यंत असताना शंभरात एक-दोघांना मानसिक त्रास झाला, ८० च्या वर गेल्यावर १८ जणांना. कुणी आनंदाने उधळतं, कुणी कोसळतं, कुणाला भास होतात. आणि बरेच दिवस घेऊन अचानक सोडलं तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, लगेच कामाला लागत नाही. थकवा, मळमळ, उदासी. तुमच्या भावाच्या बाबतीत विषाणूचा वाटा किती, पुडीचा किती, कर्जाचा किती, हे आता वेगळं काढता येणार नाही. पण पुढच्या पावसाळ्यात पुडी घेऊ नका, हे गावात नक्की सांगा.

स्मिता_सिडको

मला अकरा वर्षं संधिवात आहे. भडका उठायच्या आधी दोन दिवस मला विनाकारण रडू येतं. सांधा अजून सुजलेला नसतो, पण मन खाली गेलेलं असतं. मुलगी आता ओळखते. "आई, तुझा गुडघा येतोय वाटतं" म्हणते. हे मी डॉक्टरांना सांगायला लाजत होते. धागा वाचून पुढच्या वेळी सांगणार आहे. संधिवाताच्या साधारण सहा रुग्णांत एकाला मोठं नैराश्य असतं असं वाचलं होतं. मला वाटायचं दुखण्याने कंटाळून होत असेल. तेही असेलच, पण नुसतं तेच नाही.

एक_बाप

इथे नाव बदलून लिहितोय. दाहाचा सगळ्यात स्पष्ट चेहरा मी घरात पाहिला आहे.

मुलगी एकोणीस वर्षांची, कॉलेज रोडला होस्टेलवर. चार दिवस डोकं दुखत होतं, थोडी कणकण. मग एका रात्री मैत्रिणीचा फोन आला की ती भिंतीशी बोलतेय. आम्ही तिला घरी आणलं. नातेवाइकांनी बाहेरची बाधा म्हणून एका ठिकाणी न्यायला लावलं, आम्ही नेलंही, तीन दिवस तिथे वाया घालवले. एका रुग्णालयात सायकोसिस म्हणून औषध दिलं, तर ती लाकडासारखी ताठ झाली. मग फिट आली. तोंड सारखं चावल्यासारखं हलायचं. एका तरुण डॉक्टरीण बाईंनी ते तोंड पाहिलं आणि म्हणाल्या, पाठीतलं पाणी तपासूया. निघाला अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस. जंतूंशी लढणारी शरीरातली प्रतिपिंडं तिच्याच मेंदूतल्या रिसेप्टरवर, म्हणजे चेतापेशी निरोप घेतात त्या जागांवर, बसली होती.

हा आजार २००७ मध्ये जोसेप दालमाउ यांनी पहिल्यांदा नीट ओळखला, तो बारा स्त्रियांत, बहुतेकींच्या बीजकोशात गाठ होती. माझ्या मुलीला गाठ नव्हती. स्टेरॉइड, मग इम्युनोग्लोब्युलिन. सात आठवडे ती आम्हाला ओळखत नव्हती. ५७७ रुग्णांच्या एका मोठ्या पाहणीत दोन वर्षांनी दहातले आठ जण चांगले सावरलेले होते. हा आकडा मी तेव्हा मोबाइलवर उघडाच ठेवायचो, रात्री पुन्हा पुन्हा बघायचो. ती आठांत आली.

प्रत्येक सायकोसिस असा नसतो, फार थोडे असतात. पण तरुण मूल काही दिवसांत एकदम बदललं, आधी ताप-डोकेदुखी होती, फिट आली, बोलणं आटलं, तोंडाच्या विचित्र हालचाली, यातलं काही असेल तर मेंदूरोगतज्ज्ञांना दाखवा. देवाला नमस्कार करायचा तो रुग्णालयाच्या वाटेवर करा.

जुना_पंचवटीकर

बापाची पोस्ट वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. मुलीला आशीर्वाद.

एक इतिहास आठवला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी वेड्यांच्या इस्पितळांत कितीतरी खाटांवर "वेड्यांचा सर्वांगवात" म्हणून रुग्ण असत. १९१३ मध्ये नोगुची आणि मूर यांना त्यांच्या मेंदूत उपदंशाचे (सिफिलिसचे) जंतू दिसले. १९१७ मध्ये व्हिएन्नाच्या वाग्नर-याउरेग यांनी अशा रुग्णांना मुद्दाम मलेरिया दिला, तापाने काही सुधारले, काही दगावले, आणि १९२७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पेनिसिलिन आल्यावर ते सगळं मागे पडलं. मला त्यात अभिमान आणि धास्ती दोन्ही दिसतं.

अंबड_तिसरी_पाळी

रात्रपाळी करणाऱ्यांचं काय? झोपेचा इथे उल्लेख झाला म्हणून विचारतो. नऊ वर्षं झाली, मी पूर्वीचा राहिलो नाही असं बायको म्हणते.

निशिगंधा_मानसोपचार

दादा, अपुऱ्या झोपेने दाहाच्या खुणा वाढतात हे बऱ्याच प्रयोगांत दिसलं आहे, आणि रात्रपाळीवाल्यांत नैराश्य जास्त आढळतं. दिवसाची झोप अंधाऱ्या खोलीत, सलग, ठरल्या वेळी घेता येते का बघा. व्यायामाचंही सांगते : स्नायू काम करतात तेव्हा तेच इंटरल्यूकिन-६ सोडतात, पण त्यामागून दाह शमवणारी इंटरल्यूकिन-१० वाढते. कृषीनगरच्या ट्रॅकवर चालणं हाही त्या अर्थाने उपचारात धरा. आणि "पूर्वीचा राहिलो नाही" हे बायकोला दिसतंय, तर एकदा दाखवून घ्या. जायला जमत नसेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीत बोलता येतं, फुकट आहे.

गोदाकाठची

रविवारी पिंपळगावला गेले होते. भावाला हा सगळा धागा वाचून दाखवला. बापांची पोस्ट वाचताना तो उठून बाहेर गेला, मग परत येऊन म्हणाला, पुढे वाच.

शेवटी म्हणाला, तू माझं एक चुकीचं लिहिलंस. अंगात काही उरलं नाही, हे मी म्हणालो होतो, पण खरा त्रास तो नव्हता. डिसेंबर-जानेवारीत घडात पाणी उतरतं, तेव्हा तो रोज दोन-चार वेलींवरचा मणी तोडून तोंडात टाकतो. वीस वर्षांची सवय. यंत्राने साखर मोजायच्या आधी जीभ सांगते. यंदा गोळ्या सुरू असताना महिन्याभराने तो बागेत गेला, मणी खाल्ला, गोड आहे हे कळलं, पण गोड लागला नाही. "कळायचं, लागायचं नाही," असं म्हणाला. मॅडम, याला काही नाव आहे का?

निशिगंधा_मानसोपचार

आहे, अँहेडोनिया. पण त्यांनी ते पुस्तकापेक्षा चांगलं सांगितलं. निरोगी स्वयंसेवकांना जंतूच्या कवचाचा अगदी थोडा अंश टोचून काही तासांपुरता दाह निर्माण केला, तर मेंदूतला बक्षिसाची वाट पाहणारा भाग, व्हेंट्रल स्ट्रायटम, मंद पडतो, असं २०१० मध्ये स्कॅनवर दिसलं. "कळायचं, लागायचं नाही" ते बहुधा तिथलंच. त्यांना विचारा, आता कसा लागतो?

गोदाकाठची

विचारलं. फोनवर होता, मागे क्रेट भरल्याचे आवाज येत होते. म्हणाला, खालच्या तुकड्यातला कालपासून थोडा थोडा लागायला लागलाय.